एकाच नावाची दोन कुंपणे
(शेतकरी व शेतमजूर कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

कर्ज, हमीभाव आणि पीकविमा या विषयांवर सकाळपासून चर्चा झाली. त्या मानाने माझ्याकडे आलेला विषय लहान वाटेल : हरणे, रोही, रानडुकरे यांच्यापासून पिकाचे रक्षण करण्यासाठी विजेच्या कुंपणाचा उपयोग. मी शेतीतज्ज्ञ नाही, वीजतंत्रज्ञही नाही. माझे काम भाषांतराचे. परंतु या विषयाशी माझा संबंध आला तो माझ्याच एका चुकीमुळे, आणि ती सांगितल्यावाचून पुढे बोलणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

काही वर्षांपूर्वी वन्यप्राण्यांच्या उपद्रवासंबंधीचे एक पत्रक माझ्याकडे भाषांतरासाठी आले. मूळ मजकुरात सौरशक्तीवर चालणाऱ्या, क्षणिक झटका देणाऱ्या कुंपणाची शिफारस होती. मी लिहिले : ‘शेतकऱ्यांनी शेताभोवती विद्युत कुंपण घालावे.’ व्याकरण बरोबर होते, शब्द शुद्ध होता. विदर्भातल्या एका सभेत ते पत्रक वाचले गेले, तेव्हा मागे बसलेले एक वयस्क शेतकरी उठून म्हणाले, ‘ताई, आम्ही तेच तर करतो. लाइनवर आकडा टाकतो अन् रात्रभर तार चालू ठेवतो. आता पार्टीनंच सांगितलं, मग भीती कशाची?’ सभेत हशा पिकला. मला मात्र घाम फुटला. ज्या दोन गोष्टींना मी एकच नाव दिले होते, त्यांतली एक प्राण्याला परतविते आणि दुसरी माणसाला ठार करते. हा फरक प्रत्येक गावात समजावून सांगणे हे आपले काम आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

संकट खरे आहे

प्रथम हे मान्य केले पाहिजे की शेतकऱ्याचे गाऱ्हाणे खरे आहे. हरभरा घाट्यात येतो, सोयाबीन कोवळे असते, त्याच वेळी रोह्यांचा कळप एका रात्रीत धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत शेत साफ करतो. रोह्याचा पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोंच्याही वर भरतो. तो जेवढे खातो त्याहून अधिक तुडवितो. काळवीट उघड्या माळरानावरून येते, चितळ व सांबर जंगलाच्या कडेने. वस्तुतः रोही आणि काळवीट ही प्राणिशास्त्रानुसार हरणे नव्हेत. त्यांची शिंगे चितळासारखी गळून पुन्हा उगवत नाहीत. परंतु ज्याचे पीक गेले त्याला या वर्गीकरणाचा उपयोग नाही. माळा, गोफण, बुजगावणे, फटाके हे सारे उपाय करून तो थकलेला असतो. थंडीत रात्र-रात्र जागली करून सकाळी पुन्हा कामावर जाणाऱ्या माणसाला, प्राण्यांवर दया करा, असा उपदेश शहरात बसून करणे सोपे आहे.

दुसऱ्या बाजूने बंदुकीचा मार्ग सुचविला जातो. २०१६ साली बिहारमधील मोकामा टाल भागात बाहेरून नेमबाज आणून दोनशेहून अधिक नीलगायी मारण्यात आल्या. केंद्रीय मंत्रिमंडळातच त्यावरून जाहीर वाद झाला. परंतु गवताळ राने व पडीक जमिनी आक्रसत गेल्यामुळे जनावरे शेताकडे वळतात, या मूळ कारणाला बंदुकीची गोळी पोहोचत नाही.

मारणारी तार

आता आकडा टाकलेल्या तारेचा विचार करू. आपल्या लाइनवर २३० व्होल्टचा, सेकंदाला ५० आवर्तने घेणारा अखंड प्रवाह असतो. शरीरातून सुमारे १० ते १५ मिलिअँपिअर प्रवाह गेला की स्नायू आखडतात व पकडलेली तार सुटत नाही. ५० ते १०० मिलिअँपिअर छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवतो. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा रोध सुमारे हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. म्हणजे मरणास पुरेल त्याच्या दुपटीहून अधिक.

येथे दोन गैरसमज पसरलेले आहेत. पहिला, ‘काही झाले तर फ्यूज उडेल.’ फ्यूज पाच अँपिअरचा, माणसातून जाणारा प्रवाह पाव अँपिअरचाही नाही; फ्यूज शाबूत राहील आणि माणूस जाईल. दुसरा, ‘मध्ये शंभराचा बल्ब जोडला की तार सौम्य होते.’ तो बल्ब चारशेहून अधिक मिलिअँपिअर प्रवाह सुखेनैव जाऊ देतो. ज्या तारेत बल्ब आहे तीही मारणारीच तार आहे.

आणि या तारेला कोण सापडते? रात्रपाळीचा वीजपुरवठा आल्यावर मोटार सुरू करण्यासाठी अंधारात धुऱ्यावरून जाणारा शेजारी. पहाटे मालक तार काढण्याआधी कापूस वेचायला पोहोचलेली मजूर बाई. गुरांमागे गेलेला पोर. पुष्कळदा स्वतः तार लावणारा शेतकरीच. ज्याच्या शेतात तार आहे आणि ज्याचा जीव जातो, ते दोघेही बहुधा कष्टकरीच असतात; मग एक स्मशानात जातो व दुसरा तुरुंगात. वीजचोरीला विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १३५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. माणूस मेला तर मनुष्यवधाचा गुन्हा वेगळा. जनावरांचेही तेच. २०१७ च्या एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड परिसरात ‘श्रीनिवास’ नावाने ओळखला जाणारा वाघ शेताच्या अशाच तारेला लागून मेला. तार वाघासाठी लावलेली नव्हती. पण तार निवड करीत नाही.

परतविणारी तार

ज्याला खेड्यात ‘झटका मशीन’ म्हणतात त्याचे शास्त्र अगदी वेगळे आहे. १२ व्होल्टची बॅटरी, ती भारित करणारे सौर पॅनेल आणि एक यंत्र. हे यंत्र सेकंदाला सुमारे एक, याप्रमाणे तारेत झटके सोडते. दाब पाच ते दहा हजार व्होल्टचा असतो. तो आकडा ऐकून लोक दचकतात. परंतु प्रत्येक झटका सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही अल्पकाळ टिकतो, त्यातील ऊर्जा मर्यादित असते आणि दोन झटक्यांमध्ये प्राण्याला मागे सरण्यास अवधी मिळतो. केवळ व्होल्टवर मरण ठरत नाही. शरीरातून किती प्रवाह किती वेळ जातो यावर ते ठरते. न्यूझीलंडमधील पशुपालकांनी १९३० च्या दशकापासून हे तंत्र वाढविले.

हे कुंपण भिंतीसारखे अडवीत नाही. ते प्राण्याला शिकविते. म्हणून ते घालताना प्राण्याचा स्वभाव जाणावा लागतो. हरणाच्या अंगावरील केस वीजरोधक असतात. झटका खरा बसतो तो ओल्या नाकाला व जिभेला. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी बागाईतदार तारेला शेंगदाण्याचे लोणी लावलेली पातळ धातूची पट्टी टांगतात. हरीण वासाने येते, चाटते आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. आपल्याकडे हे लोणी कोण लावणार, असे आपण म्हणाल. पण तत्त्व घेण्यासारखे आहे. पहिली भेट नाकाची व्हावी, उडीची नव्हे. यास्तव तारेवर पांढऱ्या पट्ट्या बांधाव्यात, म्हणजे भरधाव आलेला प्राणी थबकून हुंगतो. कुंपण पीक कोवळे होण्याआधी उभे करावे. एकदा शेताची चटक लागलेला कळप झटका सोसूनही घुसतो. रोह्यासाठी पाच-सहा फूट उंचीपर्यंत अनेक तारा हव्यात, रानडुकरासाठी सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभर.

झटका बसावयाचा तर प्रवाह जमिनीतून यंत्राकडे परतला पाहिजे. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते आणि यंत्र चालू असूनही तार निर्जीव होते. म्हणून अर्थिंगचे तीन गज खोल, एकमेकांपासून अंतरावर रोवावेत व ती जागा ओली ठेवावी. तारेला टेकलेले गवत प्रवाह गिळते, ते कापत राहावे. काटेरी तारेत झटका कधीही सोडू नये. तीत अडकलेला जीव सुटू शकत नाही. यंत्र प्रमाणित असावे, घरी जुळविलेले नसावे. वाटेच्या बाजूस फलक लावावा. आणि यंत्राची तार कोणत्याही कारणास्तव लाइनला जोडू नये. जोडली की ती परतविणारी तार राहत नाही.

खर्च कोणी सोसावा?

‘हे सर्व बरोबर, पण पैसा?’ हा प्रश्न रास्तच आहे. आकडा फुकट असतो, म्हणूनच तो टाकला जातो. येथे साधे भूमितीचे गणित उपयोगी पडते. एक एकराच्या चौकोनी शेताला सुमारे २५५ मीटर कुंपण लागते. पंचवीस एकरांच्या सलग चकाला सुमारे १,२७० मीटर. म्हणजे एकरी केवळ ५१ मीटर, एक-पंचमांश. शंभर एकरांचा चक केला तर एकरी सुमारे २५ मीटर. यंत्रही एकच, देखभालीची पाळीही वाटून. एकट्या अल्पभूधारकाला जे अशक्य, ते पंचवीस जणांना आवाक्यातले होते.

एकेकट्याच्या कुंपणाचा आणखी एक दोष आहे. सधन शेतकऱ्याने आपले शेत बंद केले की कळप उपाशी जात नाही. तो शेजारच्या उघड्या शेतात, म्हणजे गरिबाच्या शेतात जातो. खासगी कुंपण नुकसान थांबवीत नाही, ते खाली ढकलते. सामायिक कुंपणातही ओढे-नाले व जनावरांच्या जुन्या पाणवाटा मोकळ्या ठेवल्याच पाहिजेत. नाहीतर एक गाव आपले संकट दुसऱ्या गावावर लोटील.

शासकीय योजना या कसोटीवर पाहाव्यात. हिमाचल प्रदेशात मुख्यमंत्री खेत संरक्षण योजनेत एकट्या शेतकऱ्यास ८० टक्के, तर तीन किंवा अधिक शेतकऱ्यांच्या गटास ८५ टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली. गटाला अधिक, हे तत्त्व योग्यच होय. महाराष्ट्रात जन-वन विकास योजनेखाली सौर कुंपणास ७५ टक्के, परंतु कमाल १५,००० रुपये, अशी मर्यादा घातली गेली. उरलेला खर्च ज्याला झेपतो तोच अर्ज करतो, आणि ज्याला झेपत नाही तो आकड्याकडे वळतो. वन्यप्राण्यांमुळे झालेले पिकाचे नुकसान २०२६ च्या खरिपापासून पीकविम्यात घेण्याची घोषणा केंद्रीय कृषी मंत्रालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये केली. हे शेतकऱ्यांच्या दीर्घ मागणीचे फळ आहे. परंतु ७२ तासांच्या आत छायाचित्रासह सूचना देण्याची अट खेड्यातल्या माणसाला पाळता येते की नाही, यावर आपले लक्ष हवे.

आपले काम

कॉम्रेड्स, इथे विदर्भातले साथी आहेत, तसेच मध्य प्रदेश व तेलंगणातील मराठी भाषिक साथीही आहेत. रोही राज्यांची सीमा ओळखत नाही. काम सर्वत्र सारखेच आहे. एक : प्रत्येक शाखेने हंगामापूर्वी एक बैठक केवळ या विषयावर घ्यावी, आणि तीत शेतमजूर, विशेषतः स्त्रिया, आवर्जून असाव्यात; कारण कोणत्या धुऱ्यावर रात्री तार असते हे त्यांना सर्वांआधी कळते. दोन : सलग चकाच्या सामायिक कुंपणासाठी गटाने अर्ज करावेत आणि अल्पभूधारकांसाठी संपूर्ण खर्चाची मागणी लावून धरावी. तीन : शेतीला दिवसा वीज द्यावी ही मागणी याच प्रश्नाचा भाग मानावी. चार : कोठे आकड्याची तार आढळली तर त्याच दिवशी मालकाशी बोलावे. तो आपला सभासद असला तर आधी बोलावे.

माझ्यापुरते सांगायचे तर ते पत्रक मी परत मागवून घेतले व दुरुस्त केले. ‘विद्युत कुंपण’ हा शब्द खोडून तेथे ‘झटका मशीनचे कुंपण’ असे लिहिले, आणि त्याखाली ठळक अक्षरांत एक ओळ घातली : ‘लाइनवरून घेतलेली तार म्हणजे कुंपण नव्हे.’ पुढच्या सभेत ते वयस्क शेतकरी भेटले. त्यांनी पत्रक दोनदा वाचून घेतले, घडी करून खिशात ठेवले आणि विचारले, ‘ताई, पंचवीस जण कुठून जमवायचे?’

या प्रश्नाचे उत्तर पत्रकात नसते. ते आपण येथून परतल्यावर आपापल्या गावी द्यावयाचे आहे. एवढे बोलून मी माझे भाषण संपविते.