द्रवरूप क्षार आणि धातूंची विभागणी

आयनिक द्रव म्हणजे शंभर अंश सेल्सिअसच्या आतच वितळणारे क्षार. खाण्याचे मीठ वितळायला 801 अंश तापमान लागते. पॉल वाल्डेन यांनी 1914 साली नोंदवलेले इथिलअमोनियम नायट्रेट मात्र 12 अंशांनाच पातळ होते. हे द्रव सहसा वाफ होऊन उडत नाहीत, शिवाय हव्या त्या धातूला धरतील असे आयन त्यांच्यासाठी निवडता येतात.

क्रोमॅटोग्राफीसाठी, म्हणजे मिश्रणातले घटक नळीतून वेगळे करण्यासाठी, हे द्रव सिलिका किंवा रेझिनच्या सच्छिद्र मण्यांत मुरवतात आणि मणी काचेच्या नळीत भरतात. जुन्या लिथियम-आयन बॅटऱ्यांतले कोबाल्ट आणि निकेल घ्या. रासायनिक गुणांनी फार जवळचे, म्हणून वेगळे करायला अवघड. त्यांचे तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लातले द्रावण नळीत वरून सोडतात. या आम्लात कोबाल्टला चार क्लोराइड जोडले जाऊन ऋण आयन तयार होतो आणि मण्यांत मुरवलेल्या द्रवातला फॉस्फोनियमचा धन आयन त्याला अडवतो. नळीत निळा पट्टा उमटतो. निकेलचा असा आयन सहजी बनत नाही. त्याचे हिरवट द्रावण खाली उतरते. मग नुसते पाणी सोडले, की कोबाल्ट सुटते आणि गुलाबी होऊन बाहेर येते. इतकी सुंदर विभागणी डोळ्यांना क्वचितच दिसते.

खरी अडचण टिकण्याची आहे. मुरवलेला द्रव पाण्याबरोबर हळूहळू निघून जातो. म्हणून आयनिक द्रवांतले इमिडाझोलियमसारखे गट सिलिकाला रासायनिक बंधानेच जोडतात. अशी नळी धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येते.