कानातलं यंत्र आणि पावसाळा

कानाच्या मापाचं श्रवणयंत्र दुकानात तयार मिळत नाही. ऑडिओलॉजिस्ट आधी कानात मऊ सिलिकॉन भरून साचा घेतात. त्याबरहुकूम कवच घडतं. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून असलेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत कानाची तपासणी होते आणि यंत्रही बसवून मिळतं. वडिलांचं यंत्र काकांना चालेल, हा समज मात्र सोडायला हवा. माप निराळं, ऐकू येण्यातली उणीवही निराळी.

लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्याची. यंत्र घातल्यावर शिट्टी वाजतच राहिली, तर बहुधा ते नीट बसलेलं नसतं, नाहीतर कानात मळ साचलेला असतो.

मळामुळे तर कितीतरी चांगली यंत्रं ‘बिघडली’ म्हणून खणात पडून राहतात! आवाज बाहेर येतो ते छिद्र जेमतेम मोहरीएवढं. त्यावरची जाळी बुजली की यंत्र गप्प होतं. जाळी बदलली की पुन्हा बोलू लागतं. सकाळी, रात्रभरात मळ सुकल्यावर, छिद्राचं तोंड खाली धरून कोरड्या ब्रशनं झाडावं. पाणी नको, स्पिरिट नको, सुई तर मुळीच नको.

कोकणातल्या जुलैत भिंतींनाही ओल येते. तिथे रात्री सेलचं दार उघडं ठेवून यंत्र सिलिका जेलच्या घट्ट डबीत ठेवावं.

झिंक-एअर सेलची रंगीत पट्टी काढल्यावर मिनिटभर थांबावं. हवा आत शिरल्यावरच तो काम करतो. आणि हा सेल लहान मुलानं गिळलाच, तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावं.