सांखळीची सरळ रेषा

सायकलची सांखळी वारंवार उतरूं लागली म्हणजे घरांतील मंडळी प्रथम सांखळीलाच दोष देतात. ती सैल झाली असेल, झिजली असेल, तिला तेल मिळालें नसेल, असे तर्क चालतात. मागील चाक ओढून ती ताणली जाते, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर नवी सांखळी येते. ही नवी सांखळीही थोड्याच दिवसांत एखाद्या वळणावर उतरते, तेव्हां बिचाऱ्या दुकानदाराच्या मालाविषयीं शंका घेतली जाते. वास्तविक पुष्कळ वेळां दोष सांखळींत नसतो आणि मालांतही नसतो. दोन पायडलांच्या मधोमध, चौकटीच्या तळाशीं असलेल्या आडव्या नळींत, चार-साडेचार इंच लांबीचा एक पोलादी कणा फिरत असतो. त्याच्या लांबींत चार-पांच मिलिमीटरांचा फरक पडला कीं पुढचें सारें बिघडतें. आणि हा कणा बाहेरून दिसत नसल्यामुळें त्याच्याकडे कोणाचेंच लक्ष जात नाहीं.

दुकानांत ह्या कण्यास बीबी ॲक्सल म्हणतात; बॉटम ब्रॅकेट ह्या नांवाचा तो संक्षेप. कण्याच्या दोन्ही टोकांवर क्रँक बसतात, आणि उजव्या क्रँकवर पुढील दातेरी चक्र असतें. चौकटीचे उजवा आणि डावा असे दोन सारखे भाग करणारी एक उभी पातळी मनांत कल्पावी. ह्या मध्यपातळीपासून पुढील चक्राच्या दात्यांचा मध्य जितका उजवीकडे असेल, त्या अंतरास पुढील चेनलाईन म्हणतात. मागील चक्राचें तेंच अंतर ती मागील चेनलाईन. हीं दोन अंतरें सारखीं असलीं तर सांखळी सरळ धांवते. चक्रें एकमेकांस समांतर असलीं कीं पुरे, असा समज आढळतो; तो बरोबर नाहीं. आगगाडीचे दोन रूळ समांतर असतात, म्हणून एका रुळावरचें चाक दुसऱ्या रुळावर धांवत नाहीं. चक्रें नुसतीं समांतर नव्हेत, तर एकाच पातळींत असावीं लागतात.

जुन्या उंच चाकाच्या सायकलींत हा प्रश्नच नव्हता. पायडलें पुढील चाकाच्या आंसालाच जोडलेलीं असत. सांखळी नव्हती, तेव्हां तिची रेषाही नव्हती. १८८० सालीं मँचेस्टर येथें हान्स रेनॉल्ड ह्यांनीं रोलर असलेली सांखळी सिद्ध केली, आणि १८८५ सालीं कॉव्हेंट्री येथें जॉन केंप स्टार्ली ह्यांची ‘रोव्हर’ सायकल पुढें आली. पायडलें मधें, आणि सांखळीनें ओढलें जाणारें चाक मागें, ही जी मांडणी त्या सायकलीनें रूढ केली तीच आजही चालू आहे. आणि तिच्याबरोबर दोन चक्रें जुळविण्याचें कामही कारागिराच्या मागें लागलें.

सांखळी तिरपी धांवली तर पायांचे श्रम फार वाढतात, ही समजूत सायकलस्वारांत सार्वत्रिक आहे. प्रयोग मात्र निराळें सांगतात. अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत जेम्स स्पायसर व त्यांचे सहकारी ह्यांनीं सांखळीच्या घर्षणाचें मोजमाप केलें. त्याचे निष्कर्ष १९९९ सालीं जाहीर झाले. अनुकूल परिस्थितींत पायांनीं दिलेल्या शक्तीपैकीं शेंकडा ९८.६ इतकी मागील चाकापर्यंत पोंचते, असें त्यांना आढळलें. चक्र लहान आहे कीं मोठें, आणि सांखळीवर ताण किती, ह्यांवर हा आंकडा मुख्यत्वें अवलंबून असतो. सांखळीच्या तिरपेपणानें त्यांत नगण्यच फरक पडतो.

मग ह्या सरळ रेषेचा एवढा आग्रह कशासाठीं? एक तर झिजेसाठीं. तिरपी सांखळी प्रत्येक दात्याच्या बगलेस घासून आंत शिरते, दांते एका अंगानें पातळ होतात, आणि सायकल खरखर वाजूं लागते. परंतु खरें कारण ह्याहून गंभीर आहे. गिअर नसलेल्या सायकलींत सांखळीची खालची बाजू सैल असते आणि ती मागील चक्रावर कोणाच्याही मार्गदर्शनाशिवाय चढते. रस्त्यांतील खड्ड्यानें ती हेलकावली आणि त्यांत ती मुळांतच एका बाजूस ओढलेली असली, तर दात्याच्या टोकावर चढून बाहेर पडण्यास तिला वेळ लागत नाहीं. चढावर स्वार पायडलांवर उभा राहिला असतांना सांखळी उतरली, तर पायाखालचा आधार एकदम नाहींसा होतो आणि स्वार दांडीवर किंवा रस्त्यावर आदळतो. ट्रॅकवरील शर्यतीच्या सायकलीस फ्रीव्हील नसतें आणि ब्रेकही नसतो. वेग कमी करण्याचें साधन म्हणजे पायच. तेथें सांखळी गेली कीं तें साधन गेलें, आणि ती चक्रांत अडकली तर मागील चाक जागच्या जागीं जखडतें. घरगुती सायकलीवर फ्रीव्हील काढून ट्रॅकसारखें पक्कें चक्र बसविण्याची हौस शहरांतून दिसते. त्या हौशी मंडळींनीं दुसऱ्या कशांतही काटकसर करावी, ह्या मोजमापांत करूं नये.

मोजमाप अवघड नाहीं. मिलिमीटरच्या खुणा असलेली चांगली पट्टी पुरते. व्हर्नियर असल्यास उत्तम. मागील बाजू आधीं घ्यावी. ट्रॅकच्या चाकाचा तुंबा दोन्ही बाहेरील नटांच्या दरम्यान १२० मिलिमीटर रुंद असतो. त्याचें निम्में ६०. उजव्या नटाच्या बाहेरील बाजूपासून दात्याच्या मध्यापर्यंतचें अंतर १८ भरलें, तर ६० मधून १८ गेले, राहिले ४२. ही मागील चेनलाईन. पुढें, बैठकीखालच्या उभ्या नळीची जाडी मोजावी. जुन्या पोलादी चौकटींत ती बहुधा २८.६ मिलिमीटर असते. तिचें निम्में १४.३. नळीच्या उजव्या बाजूपासून पुढील दात्याच्या मध्यापर्यंत ३०.२ भरले, तर बेरीज ४४.५. म्हणजे पुढील चक्र अडीच मिलिमीटर बाहेर आहे.

आतां कण्याची पाळी. कणा दोन्ही बाजूंस सारखा असेल तर त्याच्या लांबींतील फरक उजव्या व डाव्या अंगास निम्मा-निम्मा वांटला जातो. चक्र अडीच मिलिमीटर आंत आणावयाचें तर कणा पांच मिलिमीटर आंखूड हवा. मूळचा ११३ चा असल्यास १०८ चा शोधावा लागेल. बाजारांत सहज मिळतो तो १०७ चा. त्यानें पुढील रेषा ४१.५ होईल, आणि राहिलेला अर्ध्या मिलिमीटरचा फरक चिंतेचा नाहीं. मात्र खरेदीपूर्वीं आणखी एक अंतर पाहून ठेवावें. आंत सरकलेलें चक्र किंवा क्रँक मागील चाकाकडे जाणाऱ्या नळीस घासणार तर नाहीं ना? डावा क्रँकही तेवढाच आंत येणार आहे, हें विसरूं नये.

येथवर हिशेब सोपा. पुष्कळ जण फसतात ते ह्याच्या पुढच्या पायरीवर. कॉटर नसलेल्या क्रँकची जी जात १९३० च्या दशकांत फ्रान्समध्यें पुढें आली, तींत कण्याचीं टोकें चौकोनी व निमुळतीं असतात आणि क्रँक पाचरीप्रमाणें त्यांवर घट्ट बसतो. ह्या निमुळतेपणाचे दोन प्रघात आहेत: एक जपानी, जे.आय.एस., आणि दुसरा आंतरराष्ट्रीय, आय.एस.ओ. दोहोंचा उतार सारखाच, दोन अंशांचा. परंतु जाडींत बारीकसा फरक आहे. उतार इतका अल्प असल्यामुळें जाडींत एक दशांश मिलिमीटर वाढला कीं क्रँक कण्यावर जवळ जवळ दीड मिलिमीटर बाहेर थांबतो. म्हणून आय.एस.ओ. क्रँक जपानी कण्यावर बसविला, तर त्याच लांबीच्या आपल्या जातीच्या कण्यावर तो जेथें बसला असता त्याहून सुमारें चार-साडेचार मिलिमीटर बाहेर राहतो. वर अडीच मिलिमीटरांसाठीं सारा खटाटोप केला, आणि येथें एका अक्षराच्या दुर्लक्षानें त्याच्या दीडपटीहून अधिक चूक झाली. उलट जोडी जमविली तर क्रँक फाजील आंत जातो. कण्याचें टोक त्याच्या तळाशीं टेकतें, बोल्ट कितीही आवळला तरी पाचर घट्ट होत नाहीं, आणि थोड्या प्रवासांत पोलादी कणा ॲल्युमिनमच्या चौकोनी भोंकाचे कोन गोल करून टाकतो. असा क्रँक पुन्हां कामाचा राहत नाहीं. तेव्हां अमुक क्रँकची चेनलाईन किती, ह्या प्रश्नास एकट्या क्रँकवरून उत्तर देतां येत नाहीं. क्रँक व कणा ह्या जोडीची ती लांबी आहे, आणि दोघांची चौकशी एकत्रच करावी लागते.

दूध-वृत्तपत्रें घरोघरीं पोंचविणाऱ्या जुन्या भारी सायकलींत हा घोटाळा नाहीं. तेथें क्रँक कॉटरनें, म्हणजे एका आडव्या पाचरखिळ्यानें, कण्यावरील खांचेंत जखडलेला असतो. त्याची जागा ठरलेली. कणा बदलतांना जुन्याच्या मापाचाच आणला कीं काम झालें, आणि कारागीर जुना कणा हातांत घेऊन दुकानीं जातो तो ह्याच शहाणपणानें.

कण्यास हात घालण्यापूर्वीं मागील चक्र सरकवितां येतें काय, हें पाहणें केव्हांही स्वस्त. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर तुंब्यावरील चक्र बशीसारखें किंचित खोलगट असतें. तें उलटें बसविलें कीं रेषा बदलते. गिअरच्या सायकलीचा दोन चक्रांचा क्रँक वापरावयाचा असेल, तर चक्र आंतल्या जागीं लावून पाहावें; ४३.५ मिलिमीटरच्या जोडींत आंतली जागा ४१ च्या आसपास पडते, म्हणजे ट्रॅकच्या तुंब्यास पुष्कळशी जुळती. २००३ च्या सुमारास शिमानोनें कणा उजव्या क्रँकलाच कायमचा जोडून टाकला. अशा जोडींत निरनिराळ्या लांबीचे कणे मिळत नाहींत, आणि पातळ चकत्यांवरच भागवावें लागतें.

कणा काढतांना एक लक्षांत असावें. इंग्लिश पद्धतीच्या चौकटींत उजव्या बाजूच्या कपाचे आटे उलटे असतात. इटालियन पद्धतींत दोन्ही बाजू सुलट. हें न पाहतां पान्ह्यावर जोर केला तर आटे जातात, आणि आटे गेले म्हणजे चौकट गेली असेंच समजावें.

आणि मोजमापें पुन्हां पुन्हां घेऊनही जमत नसतील तर चौकटच वांकडी असण्याचा संभव असतो. मागील चाक काढून, एका अंगाच्या चाकखांचेपासून बारीक दोरा पुढें नेऊन हँडलाखालच्या नळीस वळसा घालावा आणि दुसऱ्या अंगाच्या खांचेस आणून ताणून बांधावा. उभ्या नळीपासून दोऱ्याचें अंतर दोन्ही बाजूंस सारखें आलें नाहीं, तर कण्याची खरेदी लांबणीवर टाकून चौकट आधीं कारागिराकडे न्यावी.