स्टालिनग्राड : सामान्यांनी राखलेले शहर



लढाई म्हटली की पुस्तकात सेनापतींची नावे येतात. पण काही लढाया सामान्य माणसांच्या बळावर जिंकल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धातील स्टालिनग्राडची लढाई त्यांपैकीच एक.

जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावर आक्रमण केले. पुढच्या वर्षी त्याचा डोळा कॉकेशसच्या तेलावर होता. त्या मोहिमेची बाजू सुरक्षित करण्यासाठी त्याला व्होल्गाकाठचे हे शहर हवे होते. ट्रॅक्टर आणि पोलाद बनवणाऱ्या कामगारांचे हे शहर.

२३ ऑगस्ट १९४२ रोजी जर्मन विमानांनी शहरावर भीषण बॉम्बवर्षाव केला. हजारो नागरिक मेले. त्याच दिवशी जर्मन रणगाडे शहराच्या उत्तरेस येऊन धडकले. तेथे त्यांना अडवायला होत्या विमानविरोधी तोफा आणि त्या चालवणाऱ्या, नुकत्याच शाळेतून बाहेर पडलेल्या मुली! त्यांनी आकाशाकडे रोखलेल्या तोफा खाली वळवून रणगाड्यांवर डागल्या. तोफा निकामी होईपर्यंत त्या हटल्या नाहीत. ट्रॅक्टर कारखान्यातील कामगारांनीही बंदुका हाती घेतल्या. तेथे तयार होणारे रणगाडे थेट लढाईत उतरले.

पुढे एकेका घरासाठी, एकेका जिन्यासाठी झुंज झाली. सार्जंट पावलोव्ह यांचे नाव लाभलेली एक चारमजली इमारत मूठभर सैनिकांनी सुमारे ५८ दिवस राखली. तिच्या तळघरात नागरिकही होते. व्होल्गेवरचे नावाडी भर माऱ्यात सैनिक व दारूगोळा आणीत आणि परतताना जखमींना नेत. अखेर १९ नोव्हेंबरला सोव्हिएत प्रतिहल्ला सुरू झाला, जर्मन सैन्य वेढले गेले आणि २ फेब्रुवारी १९४३ रोजी लढाई संपली. सुमारे ९१ हजार सैनिक कैद झाले. हिटलरची पीछेहाट येथूनच ठळक झाली.

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नागरिकांना शहराबाहेर नेण्याची व्यवस्था वेळेवर झाली नाही. विनाहुकूम माघार घेणाऱ्यांना कठोर शिक्षेचा आदेश जुलैतच निघाला होता. जनतेच्या शौर्याचा गौरव करताना राज्यकर्त्यांच्या चुका झाकू नयेत.

मी बँकेत कारकून आहे. एका रुपयाचा हिशेब लागला नाही तर संध्याकाळी आम्हांला उठता येत नाही. त्या लढाईत साडेचार लाखांहून अधिक सोव्हिएत सैनिक मृत वा बेपत्ता झाले. मेलेल्या नागरिकांचा तर नक्की आकडाही नाही. विद्यार्थी मित्रांनो, इतिहास वाचताना सेनापतीबरोबर तोफेमागची मुलगी आणि नदीवरचा नावाडीही शोधा. त्यांची नोंद ठेवणे हे आपले काम आहे.