उवा डोक्यातल्या, औषध शेतातलं नको



मावा, तुडतुडे, बोंडअळी यांच्याविषयी आपण या कार्यक्रमात नेहमी बोलतो. आज घरातल्या एका किडीविषयी बोलायचं आहे, ती म्हणजे डोक्यातली ऊ. शेतीच्या कार्यक्रमात उवांचं काय काम, असं तुम्ही म्हणाल. काम आहे. फवारणी झाली की थोडं औषध उरतं आणि बाटली घरात येते. पोरीचं डोकं खाजतंय म्हणून कोणीतरी त्यातलं झाकणभर औषध तेलात कालवून तिच्या केसांना चोळतं. पिकावरची कीड मरते, मग ऊ का मरणार नाही, असा हिशोब. या हिशोबापायी लेकराचा जीव जाऊ शकतो.

आधी ही कीड ओळखून घेऊ. ऊ तिळाएवढी असते. तिला सहा पाय असतात, पंख नसतात. ती उडत नाही, उडी मारत नाही, फक्त केसाला धरून चालते. माणसाच्या रक्तावरच ती जगते. डोक्यावरून खाली पडली तर एक-दोन दिवसांत मरते. गुरांच्या किंवा कोंबड्यांच्या उवा माणसाच्या डोक्यात घर करत नाहीत आणि आपल्या त्यांना होत नाहीत. तेव्हा गोठ्याला दोष देऊ नका.

मादी रोज सहा ते आठ अंडी घालते. त्यांनाच आपण लिखा म्हणतो. कातडीजवळ केसाला ती घट्ट चिकटवलेली असतात. सात ते दहा दिवसांत लीख फुटते आणि पिल्लू बाहेर येते. पुढच्या नऊ ते बारा दिवसांत ते मोठे होऊन अंडी घालू लागते. म्हणजे आज दोन उवा दिसल्या आणि दुर्लक्ष केलं, तर महिन्याभरात डोकं भरून जातं.

उवा पसरतात त्या डोक्याला डोकं लागून. शाळेत मुली डोक्याला डोकं लावून बसतात, एका वाकळेत चार भावंडं झोपतात, वसतिगृहात आणि ऊसतोडीच्या कोप्यांत मुलं दाटीनं राहतात. तिथं ऊ एका केसावरून दुसऱ्या केसावर सहज जाते. एकमेकांची फणी, टॉवेल, रुमाल वापरल्यानंही त्या जाऊ शकतात, पण ते कमी. रोज न्हाणाऱ्या डोक्यातही उवा होतात. म्हणून ज्या मुलीच्या डोक्यात उवा सापडल्या तिला नावं ठेवू नका, शाळेतून घरी बसवू नका.

कोंडा आणि लीख यात फरक करायला शिका. कोंडा झटकला की पडतो, लीख नखानं ओढावी लागते. कानामागे आणि मानेवर, उजेडात केस बाजूला करून पाहा.

आता उपाय. तो दोन प्रकारे करता येतो.

पहिला, बिनखर्चाचा. केस ओले करा किंवा खोबरेल तेल चोपडा, म्हणजे फणी सहज फिरते आणि उवांची हालचाल मंदावते. बारीक दातांची फणी कातडीला टेकवून केसाच्या टोकापर्यंत न्या. दर वेळी पांढऱ्या कापडावर फणी पुसा, म्हणजे काय निघालं ते दिसेल. सगळं डोकं झालं की फणी कडकडीत पाण्यात दहा मिनिटं ठेवा. हे दर तीन-चार दिवसांनी, तीन आठवडे करायचं. आठ दिवसांत कंटाळून सोडलं तर उरलेल्या लिखा फुटतात आणि परत पहिल्यापासून सुरुवात.

दुसरा, औषधाचा. डोक्याला लावायचं एक टक्का परमेथ्रिनचं लोशन औषधाच्या दुकानात मिळतं. आधी केस धुऊन तेल काढा, टॉवेलनं टिपून घ्या. ओलसर केसांना मुळापासून लोशन लावा, दहा मिनिटांनी साध्या पाण्यानं धुवा. डोळ्यांत जाऊ देऊ नका. औषधानं सगळ्या लिखा मरत नाहीत. म्हणून पिकावर जशी दुसरी फवारणी, तसा इथं नवव्या-दहाव्या दिवशी दुसरा हात द्यावा लागतो. दोन महिन्यांच्या आतील बाळाला हे लावू नये. गरोदर बाईनं आणि डोक्यात जखमा असतील त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा. ज्यांच्या डोक्यात उवा आहेत त्या सगळ्यांवर एकदमच उपाय करा. एकाचं डोकं साफ केलं आणि शेजारी झोपणाऱ्याचं राहिलं, तर मेहनत पाण्यात गेली. दोन दिवसांत वापरलेले टोप्या, रुमाल, अभ्रे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. घरात औषध फवारण्याची काहीही गरज नाही.

आता काय करायचं नाही ते ऐका.

१. पिकावरचं किंवा गोचिडांवरचं औषध डोक्याला लावू नका. सायपरमेथ्रिन हे नाव परमेथ्रिनसारखं वाटतं, पण शेतात वापरायचं सायपरमेथ्रिन दहा किंवा पंचवीस टक्क्यांचं असतं आणि ते माणसासाठी बनवलेलं नसतं. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉससारखी औषधं तर कातडीतून थेट अंगात भिनतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. धडधाकट माणसाची ही गत, तर लेकराची काय होईल?

२. बीएचसी पावडर डोक्यात चोळण्याची जुनी सवय काही घरांत होती. तिच्यावर १९९७ पासून बंदी आहे. जुना डबा माळ्यावर असेल तर त्याला हात लावू नका, कृषी सहायकांना सांगा.

३. रॉकेल लावू नका. चुलीची ठिणगी पुरे होते.

४. सीताफळाच्या बियांची पूड जपून, असंही म्हणू नका, वापरूच नका. ती डोळ्यांत गेली तर डोळ्याला जखम होते, नजर अधू होऊ शकते.

चुकून कोणी शेतीचं औषध लावलंच, तर वाट पाहू नका. लाळ गळणे, घाम, उलटी, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणे, अंग थरथरणे, दम लागणे ही विषबाधेची लक्षणं आहेत. लगेच कपडे काढा, डोकं आणि अंग साबणानं भरपूर पाण्यात धुवा. धुणाऱ्यानं हातात प्लॅस्टिकची पिशवी घालावी. १०८ क्रमांकावर फोन करा आणि औषधाची बाटली सोबत घ्या. तिच्यावरचं नाव वाचून डॉक्टरांना उपचार ठरवता येतात.

औषधाची बाटली कुलपात आणि फणी आईच्या हाताशी, एवढं पाळलं तरी पुष्कळ झालं. उवांनी खाज येते, झोप मोडते, खाजवून जखमा होतात, पण डोक्यातल्या उवेनं कोणाचा जीव जात नाही. तो जातो चुकीच्या औषधानं.