वाघाचे चित्र आणि माणसाची ओळख



कामगार-संघटनेत उभी हयात घालविलेल्या माणसांनी छायाचित्रणावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. आम्ही कलावंत नव्हे. या विषयात आम्हांला जे थोडेफार कळले, ते ग्रंथालयाच्या बाकावर बसून.

एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हे संयुक्त प्रांतातील वनाधिकारी. साहेबलोक बंदुकीने वाघ टिपीत, त्या काळात यांनी कॅमेरा हाती घेतला. वाघाच्या वाटेवर ते तार ताणून ठेवीत. रात्री वाघाचा पाय तारेला लागला की लख्ख उजेड पडे आणि चित्र उमटे. वाघ आपला फोटो आपणच काढी म्हणा ना! १९२७ साली त्यांचे पुस्तक निघाले. त्यांची छायाचित्रे पाहून जिम कॉर्बेटसारख्या नामांकित शिकाऱ्याला वाघाच्या छायाचित्रणाचा ध्यास लागला. कॅमेऱ्याचा आवाज वाघाच्या कानी जाऊ नये, म्हणून कॉर्बेटनी ओढ्याला लहान लहान बांध घातले आणि पाण्याच्या खळखळाटात तो आवाज बुडविला. गुरूने समोर बसवून धडा दिला नव्हता. गुरूचे कामच बोलले. ज्यांना शाळा लाभली नाही, त्या आमच्यासारख्यांना हे शिकणे ओळखीचे आहे.

चॅम्पियन यांनी आणखी एक गोष्ट हेरली. एका वाघाचे पट्टे दुसऱ्यासारखे नसतात. आज आपल्या ताडोब्यात, १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या त्या जंगलात, वाघांची मोजदाद याच आधारावर होते. वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे बांधतात. कारण वाघाच्या डाव्या-उजव्या कुशीचे पट्टेही निराळे असतात.

हा केवळ हौसेचा मामला नाही. उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपाने वेचायला विदर्भातली गोरगरीब माणसे जंगलात शिरतात. त्यांतली काही परत येत नाहीत. पांढरकवड्याच्या टी-१ वाघिणीवर तेरा बळींचा ठपका होता. २ नोव्हेंबर २०१८ रोजी ती गोळीने मारली गेली आणि पुढे मोठा वाद झाला. अशा वेळी नेमका वाघ कोणता, हे ठरले नाही तर काय होईल? गुन्हा एकाचा आणि गोळी दुसऱ्याला; शिवाय गावावरचे संकट कायमच!

म्हणून वाघाची ओळख पटविणे योग्यच. पण श्रोतेहो, या शहरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली, तेव्हापासून किती पिढ्या बिल्ल्याच्या नंबरावर राबल्या! ताडोब्यात झाडाला कॅमेरा बांधणारा, भर उन्हात वाट तुडविणारा मजूरही पुष्कळदा हजेरीपटावरची एक ओळच असतो. ज्या देशाला वाघाचा एकेक पट्टा मोजता येतो, त्याला या माणसाचे नाव, त्याचा रोज आणि त्याच्यामागे राहणारी बायकामुले यांची नोंद ठेवणे अवघड का जावे? पुढल्या वेळी वाघाचा सुंदर फोटो पाहाल, तेव्हा तो कॅमेरा कोणी बांधला आणि त्याला रोज किती मिळाला, हेही विचारा. एवढेच आमचे मागणे आहे.