ओल्या हातांनी हात लावू नये
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)

मैत्रिणींनो, हिंसाचार, पाणी, रेशन एवढे विषय असताना ही बाई कळफलकावर काय बोलणार, असं तुम्हाला वाटत असेल. मी समाजकार्य शिकले, यंत्रं नाही. पण माझ्याच हातून एक चूक झाली, तिच्यापासून सुरुवात करते.

वस्तीतल्या आमच्या अभ्यासवर्गाला देणगीत पाच लॅपटॉप मिळाले. पत्रा गळका. पहिल्याच पावसाळ्यात दोन बंद पडले. दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवलं, बटणांच्या फटींतून पाणी थेट खालच्या मुख्य भागावर उतरलं होतं. मी लगेच भिंतीवर सूचना लावली, 'ओल्या हातांनी हात लावू नये.' माझ्याच अक्षरात.

महिन्याभराने लक्षात आलं. मुलगे पाचाला येऊन जागा धरतात. मुली भांडी घासून, पाणी भरून, ओढणीला हात पुसत येतात आणि सूचनेपाशी थबकतात. सातवीतल्या एकीवर तर कळफलक बिघडवल्याचा आळ आला. ती यायची बंद झाली. पुढे यंत्र उघडलं तर आत मुंग्यांनी घर केलेलं!

मग मी शोधायला लागले, खास मुलांसाठी कुणी कळफलक घडवलाय का? घडवलाय. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चा हिरवा-पांढरा एक्सओ. २००७ साली आपल्याकडेही, रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरातच्या शाळेत तो आला होता. त्याचा कळफलक म्हणजे सलग रबराचा एकच पापुद्रा. बटणांमध्ये फटच नाही, धूळ-पाणी शिरणार कुठून? बटणं लहान बोटांच्या मापाची. मुलं पाणी सांडणार, हे करणाऱ्यांनी आधीच धरून चाललं होतं. मी मात्र ओला हात हा मुलीचा दोष धरला.

तोही कळफलक निर्दोष नव्हता बरं का. सुरुवातीच्या यंत्रांचं रबर बटणांच्या कडेला फाटायचं, आणि पापुद्रा एकच असल्याने एका चिरेसाठी अख्खा कळफलक बदलावा लागे. पुढे मोठ्या मुलांसाठी सुट्या बटणांचा नमुनाही काढला. पण यंत्र साध्या स्क्रू-ड्रायव्हरने खोलता येई, आणि जादा स्क्रू त्याच्या मुठीतच ठेवलेले असत! मला हे सगळ्यात आवडलं. आपल्या मुलींच्या हाती पेचकस कोण देतं?

यंत्र आलं की शिक्षण झालं, असं मात्र नाही. पेरूमध्ये हीच यंत्रं वाटली, पण २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही.

आम्ही आता लॅपटॉप उंच फळीवर ठेवतो आणि तारेने जोडलेला स्वस्त रबरी कळफलक मुलांपुढे. भिजला तर तेवढाच जातो, आणि तो बदलायला मुली शिकल्यात. सूचना मी काढली. ती सातवीतली मुलगी अजून आलेली नाही. तिच्या आईकडे दोनदा जाऊन आले, रविवारी पुन्हा जाणार आहे.